डोक्याला मार आणि मागाहून येणारी सूज : प्रोटीनचा त्यात हात किती? वरण बंद करायचं का?

जवसचटणी

डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या घरच्यांना मोठ्या दवाखान्यात सांगतात, "मार लागला तेव्हा झालं ते झालं, आता पुढचं नुकसान आतल्या प्रोटीनमुळे होतंय." वाक्य चूक नाही. पण गावात पोचेपर्यंत त्याचं "प्रोटीन बंद करा" होतं. मग वरण, अंडी, दूध सगळं तोडून साबुदाण्याची लापशी नि भाताची पेज सुरू. माणूस हाडाचा सापळा होतो आणि दोष मेंदूच्या माराला जातो.

जाणकारांनी नीट उलगडून सांगावं. ही प्रोटीनं नेमकी कोणती, ती केव्हा बिघडतात, आणि हे कळल्याने ग्रामीण रुग्णालयातून रेफर करेपर्यंतच्या दोन-तीन तासांत काही वेगळं करता येतं का? आहाराचं मला ठाऊक आहे, ते मी शेवटी लिहीन. आधी तुमचं येऊ द्या.

वर्धेकाठचा

पहिला खुलासा : ही प्रोटीनं ताटातून येत नाहीत. मेंदूच्या पेशीत ती आधीपासून असतात आणि एरवी कामाचीच असतात.

दणका बसला की पेशींची आवरणं ताणली जातात, फाटतात. आतलं पोटॅशियम बाहेर येतं, ग्लुटामेट सांडतं. (ग्लुटामेट प्रोटीन नव्हे, अमिनो आम्ल. पण ते ज्या दारांवर जाऊन बसतं ते एनएमडीए रिसेप्टर प्रोटीन आहेत.) दारं उघडली की कॅल्शियम आत घुसतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे दार किलकिलं झालं तरी लोंढा येतो.

आत कॅल्पेन नावाचं एन्झाइम निजलेलं असतं. कॅल्शियम वाढलं की ते जागं होतं आणि समोर येईल ते कापत सुटतं : स्पेक्ट्रिन, न्यूरोफिलामेंट, टाऊ. त्याला आवरणारं कॅल्पास्टॅटिन हेही प्रोटीनच, पण लोंढा मोठा असला की तेसुद्धा कापलं जातं. स्पेक्ट्रिनची जाळी पेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवते. कुडाच्या भिंतीत तुराट्या असतात तशी. तुराट्या तोडल्या तर वरचं शेणामातीचं लिंपण किती वेळ उभं राहील?

तर्रीपोहे

म्हंजे घरभेदीच म्हना नं बाप्पा.

वर्धेकाठचा

@तर्रीपोहे, घरभेदी जाणूनबुजून करतो. हा झोपेतून दचकून उठलेला माणूस, अंधारात विळा चालवणारा.

एक बारकावा राहिला. स्पेक्ट्रिनचा अखंड रेणू २८० किलोडाल्टनचा (रेणूच्या वजनाचं माप). कॅल्पेनने कापला तर १५० आणि १४५ चे तुकडे पडतात, कॅस्पेज-३ या दुसऱ्या एन्झाइमने कापला तर १२० चा. कॅल्पेनचे तुकडे मुख्यतः फुटून मरणाऱ्या पेशींची खूण, १२० चा तुकडा ठरवून, आवरून मरणाऱ्या पेशींची. पहिली लाट तासांत येते, दुसरी काही दिवस चालू राहते. "दुय्यम इजा" (मागाहून होणारं नुकसान) हा एकच प्रकार नाही तो असा.

मेळघाटी

उत्तम. पण धागाकर्तीचा खरा प्रश्न रेफरपूर्वीच्या वेळेचा आहे. धारणीहून अमरावती सव्वाशे किलोमीटरच्या वर, तेही घाटातून. भामरागडहून नागपूर तीनशेच्या पुढे. कॅल्पेन थांबवणारं औषध ॲम्ब्युलन्समध्ये नाही, मोठ्या दवाखान्यातही नाही. मग काय करायचं?

आत शिरलेलं कॅल्शियम बाहेर फेकणारे पंपही प्रोटीनच आहेत आणि ते एटीपीवर (पेशीच्या इंधनावर) चालतात. एटीपीला लागतो ऑक्सिजन आणि साखर, आणि ते दोन्ही पोचवायला लागतो रक्तदाब. दाब पडला की पंप बंद, कॅल्शियम आतच, विळा चालू. म्हणून सिस्टॉलिक (वरचा रक्तदाब) ९० च्या खाली एकदा जरी गेला तरी मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या घरात जातं. आताच्या मार्गदर्शक सूचना याहून कडक आहेत : १५ ते ४९ वयात आणि सत्तरीपुढे सिस्टॉलिक ११० किंवा वर, ५० ते ६९ वयात १०० किंवा वर. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० च्या खाली जाऊच द्यायचं नाही, ९४ च्या वर असलेलं बरं. ग्लुकोमीटर लावायचाच. मोहाची घेतलेला माणूस "दारूत आहे" म्हणून कोपऱ्यात ठेवतात आणि त्याची साखर ४० निघते. आणि साखर ठीक निघाली तरी "दारूत आहे" हे निदान डोक्यातला रक्तस्राव नाकारल्यावरच करायचं.

सलाईन नॉर्मल सलाईनच. पाच टक्के डेक्स्ट्रोज डोक्याच्या माराला नको, साखर खरंच कमी असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज द्या. कारण @पऱ्हाटी नीट सांगतील.

पऱ्हाटी

सांगतो. डेक्स्ट्रोजमधली साखर पेशी वापरून टाकतात, मागे उरतं नुसतं पाणी. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूकडे सरकतं. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींचे पाय रक्तवाहिन्यांना वेढून बसलेले असतात आणि त्या पायांवर ॲक्वापोरिन-४ या प्रोटीनच्या तोट्या दाटीवाटीने असतात. पाणी तिथून आत जातं, पेशी फुगतात.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की तोटी बंद करा म्हणजे झालं. ॲक्वापोरिन-४ नसलेल्या उंदरांवर हे पाहिलं गेलं. पेशी फुगण्याची जी सूज असते ती त्यांच्यात कमी झाली. पण रक्तवाहिनीतून गळून पेशींच्या मधे साचणाऱ्या सुजेत उलटं घडलं, पाणी बाहेर काढायलाही तीच तोटी लागते. डोक्याच्या मारात दोन्ही सुजा एकाच वेळी, एकाच मेंदूत, वेगवेगळ्या जागी असतात. आता तोटी केव्हा बंद करणार?

एमएमपी-९ चं तेच. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे एन्झाइम रक्तवाहिनीच्या तळाचा पडदा आणि क्लॉडिन-५, ऑक्लुडिन ही सांधे घट्ट धरणारी प्रोटीनं तोडतं, म्हणून गळती. पण आठवड्याभरानंतर नव्या रक्तवाहिन्या घडवायला तेच लागतं.

संत्राबर्फी

ग्लायबेनक्लामाइड राहिलं की! इजा झाल्यावर पेशींवर सूर१-टीआरपीएम४ नावाची नवी दारं तयार होतात, सोडियम आत येतो, मागोमाग पाणी. सूर१ म्हणजे साखरेची ही जुनी गोळी स्वादुपिंडात जिथे बसते तेच प्रोटीन. म्हणून शिरेतून द्यायचं ग्लायबेनक्लामाइड सुजेवर तपासलं गेलं. पक्षाघाताच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही. हे लिहायचं कारण एवढंच की, कोणी हा धागा वाचून घरातली आजोबांची गोळी नळीतून देऊ नका. साखर उतरली तर @मेळघाटी यांनी सांगितलेला पंप पहिला बंद पडेल.

तर्रीपोहे

आमच्याइकडं आजोबाची गोळी कोनालेही चालते असंच समजतेत लोकं. बरं झालं लिवलं.

लॅबवालीताई

तपासण्यांचं कोणीच बोललं नाही. ही प्रोटीनं पेशीतून फुटून रक्तात येतात, म्हणून ती मोजताही येतात.

जीएफएपी ॲस्ट्रोसाइटमधून येतं, यूसीएच-एल१ चेतापेशीतून. अमेरिकेत या जोडीच्या रक्ततपासणीला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. नंतर लहान यंत्रावर १५ मिनिटांत होणारी आली, पण तिला प्लाझ्मा वेगळा करावा लागायचा. २०२४ पासून थेट रक्तावर करता येते, मार लागल्यापासून २४ तासांपर्यंत. मूळ चाचणीतली संवेदनशीलता ९७.६ टक्के. म्हणजे "नाही" आलं तर सीटी स्कॅनमध्ये काही सापडण्याची शक्यता अगदी कमी.

एस१००बी (हेही मेंदूच्या पेशीतलं प्रोटीन) ही तपासणी जुनी आणि स्वस्त. ०.१० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल आणि नमुना सहा तासांच्या आत घेतलेला असेल, तर सौम्य मारात सीटी टाळता येतो असं स्कँडिनेव्हियातली नियमावली २०१३ पासून सांगते.

मेळघाटी

ताई, हे कागदावर ठीक. एस१००बी चरबीत, स्नायूत, त्वचेच्या रंगपेशींतही असतं. बाइकवरून पडलेल्या माणसाची मांडी मोडलेली असली की डोकं शाबूत असून आकडा वर. आणि उलटही होतं. रक्तातून ते तासा-दीड तासात निम्मं होतं. आपल्याकडे पेशंट आठ तासांनी येतो. तोवर आकडा उतरलेला आणि आपण म्हणणार "नॉर्मल".

लॅबवालीताई

म्हणून तर सहा तासांची अट लिहिली. आठ तासांनी आलेल्याचं एस१००बी करूच नये, तिथे जीएफएपी उपयोगी, ते दिवसभर वर राहतं. यूसीएच-एल१ सात-नऊ तासांत निम्मं होतं.

एनएसई या चेतापेशीतल्या आणखी एका प्रोटीनबद्दल मात्र आपल्या भागासाठी खास सांगायचंय. हे प्रोटीन लाल पेशींतही असतं. बारीक सुईने जोरात ओढून रक्त फेसाळलं, किंवा ट्यूब ॲम्ब्युलन्सच्या धक्क्यांत हादरली, तर लाल पेशी फुटतात आणि एनएसई खोटंच वाढतं. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया पट्ट्यात सिकलसेल आहे. त्या माणसाच्या लाल पेशी एरवीही फुटत असतात. सीरम गुलाबी दिसलं की एनएसईचा आकडा फेकून द्यायचा.

मेळघाटी

हे पटलं. जीएफएपीवर माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही संवेदनशीलता सांगितली, विशिष्टता नाही सांगितली. ती त्याच चाचणीत ३६ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे सीटी स्वच्छ असलेल्या दर तीन माणसांतल्या जवळपास दोघांना तपासणी "आहे" म्हणणार, आणि ते जाणारच नागपूरला. वय वाढेल तसं जीएफएपी एरवीही वाढतं.

लॅबवालीताई

आणि तिसऱ्याचा तीनशे किलोमीटरचा फेरा वाचेल, ते नाही मोजलं तुम्ही.

मेळघाटी

मोजलं. पण जीसीएस (शुद्धीचा गुणांक, पूर्ण शुद्धीत १५) दोन तासांनीही १५ झाला नाही, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ च्या वर, कानामागे निळं, डोळ्याभोवती काळं, नाकाकानातून पाणी, यातलं एकही असेल तर तपासणीशिवायही तो जातो. तुमची तपासणी उरलेल्यांसाठी. तेवढ्यासाठी कार्ट्रिज २ ते ८ अंशात ठेवायचं आणि मे महिन्यात वीज गेलेल्या खोलीत यंत्र चालवायचं. यंत्र ३० अंशांच्या वर काम करत नाही. चंद्रपूरला ४५ होतं.

तर्रीपोहे

यंत्रालेच ऊन लागन मंग. त्याले कांद्याचा रस पाजा.

संत्राबर्फी

रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनकडे वळू, कारण तिथे तालुक्याच्या ठिकाणी करता येण्यासारखं खरंच आहे. मेंदूत टिश्यू फॅक्टर भरपूर असतं. मेंदू चिरडला की ते रक्तात मिसळतं, आधी बारीक गुठळ्या होतात, फायब्रिनोजन खर्ची पडतं, आणि मग प्लाझ्मिन झालेल्या गुठळ्याही विरघळवतं. डी-डायमर (विरघळलेल्या गुठळीचे तुकडे) वर, फायब्रिनोजन खाली. सकाळी छोटा दिसलेला रक्ताचा डाग संध्याकाळच्या सीटीत मोठा होतो त्यामागे हे एक कारण.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड प्लाझ्मिनला फायब्रिनवर बसू देत नाही. २०१९ मधली क्रॅश-३ चाचणी, १२ हजारांवर पेशंट, २९ देश. तीन तासांच्या आत दिलं तेव्हा सौम्य ते मध्यम मारात डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू कमी झाले. अतिगंभीर मारात फरक दिसला नाही.

द्यायची पद्धत : ५०० मिलिग्रॅमचे दोन ॲम्प्युल १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, दहा मिनिटांत. सिरिंजने भसकन ढकलू नका, रक्तदाब पडतो. मग आणखी १ ग्रॅम ५०० मिलीमध्ये आठ तासांत. २० थेंबांना १ मिलीच्या सेटवर मिनिटाला २१ थेंब. रेफर चिठ्ठीवर पहिला डोस किती वाजता दिला ते लिहा, नाहीतर पुढच्या दवाखान्यात पुन्हा देतात किंवा देतच नाहीत. तीन तास उलटून गेले असतील तर सुरू करू नका. मार नुसता डोक्याला, जीसीएस १५ आणि सीटी झालेला नाही, अशालाही नको. त्या चाचणीत घेतलेले पेशंट जीसीएस १२ किंवा कमी असलेले, नाहीतर सीटीत रक्तस्राव दिसलेले होते.

पऱ्हाटी

प्रोटीनचं बोलणं चाललंच आहे तर अल्ब्युमिनही काढतो. सूज ओढून घेईल म्हणून नातेवाइकांना अल्ब्युमिनची बाटली आणायला लावायची सवय अजून पुरती गेलेली नाही. २००७ मध्ये डोक्याच्या माराच्या ४६० पेशंटचा हिशोब प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी अल्ब्युमिन दिलेल्यांत मृत्यू ३३ टक्के, सलाईन दिलेल्यांत २० टक्के. त्यात वापरलेलं चार टक्क्यांचं द्रावण रक्तापेक्षा पातळ होतं, त्याचाही वाटा असावा. शिवाय रक्तवाहिन्यांचे सांधे उसवलेले असताना अल्ब्युमिनच मेंदूत झिरपतं आणि पाण्याला मागे ओढतं. माझ्या मते या पेशंटच्या पहिल्या काही दिवसांत त्या बाटलीला जागा नाही.

डेक्सासुद्धा तसंच. स्टिरॉइडने ही सूज उतरेल असं दशकानुदशकं मानलं गेलं. २००४ मध्ये दहा हजार पेशंटची चाचणी आली : दोन आठवड्यांत मृत्यू २१.१ टक्के विरुद्ध १७.९. स्टिरॉइडवालेच जास्त मेले.

चुनाभट्टी

मेंदूसाठी लिहून देतात ते सिटिकोलीन?

संत्राबर्फी

२०१२ ची चाचणी, १२१३ पेशंट, ९० दिवसांनी काही फरक नाही. प्रोजेस्टेरॉनच्या दोन मोठ्या चाचण्या २०१४ मध्ये फसल्या. ज्या घरात सोयाबीनचं पीक विकून दवाखान्याचं बिल भरायचं आहे, तिथल्या चिठ्ठीत सिटिकोलीन लिहिण्याआधी लिहिणाऱ्याने दोनदा विचार करावा.

वर्धेकाठचा

उंदरात जमतं आणि माणसात फसतं याचं एक कारण वेळ आहे. प्रयोगात औषध बहुधा लवकर, ठरलेल्या मिनिटाला दिलेलं असतं.

दाह म्हणजे इन्फ्लमेशनचाही थोडक्यात उल्लेख हवा. मेलेल्या पेशीच्या केंद्रकातून एचएमजीबी१ बाहेर पडतं. मायक्रोग्लिया (मेंदूतल्या पहारेकरी पेशी) त्याला टीएलआर४ या रिसेप्टरवर ओळखतात आणि आयएल-१ बीटा, टीएनएफ ही दाह भडकवणारी प्रोटीनं सोडायला लागतात. एरवी डीएनए सांभाळणारं हे प्रोटीन जागा बदलली की बोंब ठोकतं.

आणि एपीपी, चेतापेशीतलं आणखी एक प्रोटीन. चेतातंतू म्हणजे लांब रस्ता, त्यावरून एपीपी सतत वाहून नेलं जातं. तंतू ताणला, रस्ता अडला, की ते जागच्या जागी तुंबतं. दिवाळीनंतर जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते तसं. शवविच्छेदनात एपीपीचा रंग दिला तर साधारण दोन-तीन तासांत हे फुगवटे दिसू लागतात. माणूस मार लागल्यावर किती वेळ जिवंत होता याचा अंदाज त्यावरून बांधतात. पण निव्वळ रक्तपुरवठा तुटल्यानेही एपीपी तुंबतं, त्यामुळे फुगवट्यांची नक्षी नीट पाहावी लागते.

टाऊचं मात्र वर्षांचं प्रकरण आहे, वारंवार मार खाणाऱ्यांचं. त्याला वेगळा धागा हवा.

चुनाभट्टी

सूज उतरवायचं मॅनिटॉल कोणी सांगितलंच नाही. ते तर प्रत्येक ठिकाणी लावतात.

मेळघाटी

तोच तर घोळ आहे. सरसकट लावायचं नसतं. एक बाहुली मोठी झाली, जीसीएस डोळ्यांदेखत दोनने उतरला, तर लावा. ६० किलोच्या माणसाला २० टक्क्यांचं १५० ते ३०० मिली, १५-२० मिनिटांत. आधी कॅथेटर घाला, नाहीतर फुगलेल्या मूत्राशयाने माणूस तळमळतो आणि डोक्यातला दाब आणखी चढतो. सिस्टॉलिक ९० च्या खाली असेल तर मॅनिटॉल नको, लघवीवाटे उरलासुरला दाबही जाईल. सिकलसेलवाल्यात शरीर कोरडं पडण्याची जास्तच भीती.

डिसेंबरच्या थंडीत बाटलीत खडे धरतात. उजेडात धरून बघा. खडे असतील तर बाटली कोमट पाण्यात ठेवून विरघळू द्या, अंगाच्या तापमानाला येऊ द्या, मगच लावा, शक्यतो फिल्टरच्या सेटने.

डोकं ३० अंश वर. मानेची पट्टी गळ्याला आवळलेली नको, शिरा दाबल्या जातात. ताप आला तर उतरवा, ही सगळी एन्झाइमं तापात जास्त जोमाने चालतात. पण बर्फात घालून ३३ अंशांवर नेण्याचा प्रयोग २०१८ मध्ये झाला, फायदा निघाला नाही. नॉर्मलला आणलं की पुरे.

जवसचटणी

सगळ्यांचे आभार. आता माझी बाजू.

खाल्लेलं प्रोटीन पोटात तुटून अमिनो आम्लं होतात. वरणातून कॅल्पेन मेंदूत जात नाही. उलट मार लागलेल्या शरीराला जास्त प्रोटीन लागतं, कारण ते स्वतःचे स्नायू जाळत असतं. अतिदक्षता विभागाच्या २०१६ च्या पोषण सूचनांत या पेशंटला वजनाच्या दर किलोला १.५ ते २.५ ग्रॅम सांगितलं आहे. ६० किलोला ९० ते १५० ग्रॅम. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. एक अंडं ६ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, तुरीची १०० ग्रॅम कोरडी डाळ २२, सोयाबीन १०० ग्रॅमला ३६ च्या वर. पण सोयाबीन कच्चं दळून देऊ नका. त्यातलं ट्रिप्सिन अडवणारं प्रोटीन शिजवल्याशिवाय मरत नाही आणि पचन बिघडवतं.

नळीतून द्यायचं तर शिजवून, मिक्सरमधून काढून, चहाच्या गाळणीने नव्हे, सुती कापडाने गाळा. तुरीची सालं नळी हमखास बंद करतात. प्रत्येक वेळी मागून ३० मिली कोमट पाणी. देताना आणि नंतर तासभर डोकं उंच. नाकाकानातून पाणी गळत असेल तर नळी नाकातून घालायचीच नाही, तोंडातून.

संत्राबर्फी

यात झटक्यांचं औषध फिनिटॉइन जोडा, इथे प्रोटीन खरंच आडवं येतं. नळीच्या आहारासोबत दिलं तर ते नीट शोषलं जात नाही, झटके येतात. आहार आधी दोन तास आणि नंतर दोन तास थांबवा.

दुसरं अधिक फसवं. फिनिटॉइन रक्तात ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून असतं. वरण तोडून, पेज पाजून अल्ब्युमिन २ पर्यंत उतरलेलं असेल, तर मोकळं औषध वाढतं. रिपोर्टात एकूण पातळी "नॉर्मल" दिसते आणि माणूस झिंगतो, डोळे थरथरतात, तोल जातो. घरचे म्हणतात मेंदूची सूज परत आली.

जवसचटणी

हे माहीत नव्हतं, टिपून ठेवते. मग घरच्यांना सांगायचं वाक्य काय करू? "डोक्यातलं प्रोटीन वेगळं, ताटातलं वेगळं" असं?

तर्रीपोहे

ताई, "वेगळं" म्हनसान तं इचारतीन कोनतं चांगलं. सिधं सांगा : "डोक्यातली मोडतोड डोक्यातलीच हाये, वरनानं झाली नाही. त्याले रोज दोन अंडे अन् घट्ट वरन द्या, गोळीच्या आंधी-मांगं दोन घंटे सोडून."

संत्राबर्फी

फिनिटॉइनचीच गोळी, आणि नळीतून खाणाऱ्यालाच. नाहीतर सगळ्याच गोळ्यांना दोन-दोन घंटे सोडून बसतील आणि माणूस उपाशी राहील.

तर्रीपोहे

हाव. ते बी लिवा मंग.